कौलाच्या उताराएवढा कोन

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये वार्षिक फोटो ओळीने लावलेले होते. त्यातल्या कुठल्याही वर्षीच्या फोटोत घाडीनाना शोधायला त्रास पडत नसे. सगळे शिक्षक छाती काढून समोर बघताहेत आणि मागच्या रांगेच्या उजव्या टोकाला खाकी कपड्यातला एक माणूस आडवा उभा आहे. एक कान, एक गाल, अर्धी मिशी. फोटोग्राफर दरवर्षी काकुळतीला यायचा, "मामा, इकडे बघा ना." नाना "होय होय" म्हणायचे आणि नेमकं बटण दाबताना मान फिरवायचे. मग फोटोग्राफर नाद सोडून द्यायचा.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची शाळा. मागच्या कुंपणापलीकडे नाला, नाल्यापलीकडे घाणेरीची झुडपं आणि तिथून वर चढत गेलं की थेट नॅशनल पार्कचं रान. मी पार्ल्यात वाढलेली. आमच्याकडे जंगली म्हणावा असा प्राणी म्हणजे घरमालकांचा बोका. त्यामुळे ऐंशीच्या सुमारास मी इथे गणित शिकवायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या खिडकीतून खाली चितळं पाणी पिताना बघून माझ्या हातातला खडू पडला. ती प्यायची आमच्या टाकीच्या गळक्या नळाखाली साठलेल्या डबक्यातलं पाणी. मुख्याध्यापक दामले सर दर महिन्याला नानांना सांगायचे, तो नळ दुरुस्त करून घ्या. नाना दर महिन्याला मान डोलवायचे. माझ्या सबंध नोकरीत तो नळ कधी दुरुस्त झाला नाही.

नाना शाळेचे शिपाई. सोनू घाडी हे पाटीवरचं नाव. मूळचे सावंतवाडीकडचे. वीस वर्षं परळच्या गिरणीत काढली, कापसाच्या तुसाने खोकला मागे लागला तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने शाळेत लागले. बायको गावी शेत आणि म्हशी सोडून यायला तयार नव्हती, म्हणून हे एकटेच टाकीजवळच्या खोलीत राहायचे. खोलीत एक ट्रंक, एक स्टोव्ह, देवाची तसबीर आणि खुंटीला एक बांबूचा कामठा. कामठा म्हणजे धनुष्य. मी आधी ते शोभेचं समजले होते. पण दर रविवारी सकाळी नाना त्याला दोरी चढवायचे, भिंतीला टेकवलेल्या गोणपाटाच्या गठ्ठ्यासमोर आडवे उभे राहायचे, बाण कानापर्यंत ओढायचे, आणि दहातले सात वेळा न सोडताच हळूहळू परत उतरवायचे. पेपर तपासायला रविवारी आले होते तेव्हा मी हे पाहिलं आणि विचारलं, हा कसला सराव?

"सोडणां सोपां, बाई," नाना म्हणाले. "ओढलेलो बाण उतरवूक शिकाक होयो."

मला तेव्हा हे उगीच मोठं वाक्य वाटलं. गणिताच्या माणसाला असल्या वाक्यांचा जरा संशयच असतो.

पण नानांचा अनुभव मला पहिल्याच वर्षी आला. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न परीक्षेच्या तोंडावर आलं होतं आणि मला चार दिवसांची रजा हवी होती. दामले सरांच्या खोलीबाहेर नाना स्टुलावर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी अर्ज घेऊन निघाले तर खिडकीकडे बघतच पुटपुटले, "आता नको, बाई. तोंड समोर हा." मी कसली ऐकतेय. पार्लेकर बाई, हातात नियमाप्रमाणे लिहिलेला अर्ज, मला कोण अडवणार? आत गेले. सर दाराकडेच तोंड करून बसले होते, चष्मा कपाळावर, भुवया वर. रजा तर मिळाली नाहीच, वर परीक्षेच्या पहाऱ्यांचं वेळापत्रक बनवायचं काम गळ्यात पडलं. बाहेर आले तेव्हा नाना खिडकीकडेच बघत होते. सांगितलं होतं ना, असं त्यांनी मला कधीच ऐकवलं नाही, हे त्यांचे उपकार.

दुसऱ्या दिवशी मी निमूट जाऊन त्यांच्या बाजूला उभी राहिले. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मी पाऊल उचललं की गुडघ्यावरचा हात जरा घट्ट व्हायचा. मग आतून खुर्ची फिरल्याचा आवाज आला. सर खिडकीकडे वळून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. नानांनी उजवा हात गुडघ्यावरून अलगद उचलला. मी आत गेले. "ठेवा तिथे, देतो सही," सर मागे न बघताच म्हणाले. मला रजा मिळाली आणि बहिणीच्या लग्नात मी चार दिवस मिरवले.

मग आमच्या स्टाफला ती सवयच लागली. साहेबांकडे जायचं म्हणजे आधी नानांच्या हाताकडे बघायचं. एकदा मी त्यांना थट्टेने म्हटलं, सरांना कळलं की तुम्ही त्यांना जनावर समजता, तर नोकरी जाईल. नाना गंभीरपणे म्हणाले की जनावर असते तर सोपं होतं, जनावर खोटं चरत नाही.

माझ्या वर्गाच्या दाराशी मात्र ते स्वतः होऊन थांबत. मी नववीला कोन शिकवत असले की तास संपल्याचा टोल द्यायला हमखास दोन मिनिटं उशीर व्हायचा. एकदा मधल्या सुट्टीत मी फळा पुसणार, तेवढ्यात नाना आत आले, बाजूने, भिंतीला लागून. खडू घेऊन त्यांनी एक झाड काढलं, झाडावर एक फळी, फळीवर एक माणूस आणि जमिनीवर एक हरण. हरण आमच्या चित्रकलेच्या मास्तरांना जमलं नसतं इतकं झकास. मग विचारलं, माणूस दोन पुरुष उंचीवर बसला आणि हरण बारा पावलांवर असलं, तर बाण किती उतरता जाईल?

मी आकडेमोड करून सांगितलं, साधारण वीस अंश. त्यांना अंशाशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी फळ्यावरच्या माणसापासून हरणापर्यंत रेघ ओढली आणि शेजारी एका घराचं छप्पर काढलं. त्यांच्या मामाने शिकवलेला नियम एवढाच होता, की बाण कौलाच्या उताराहून जास्त उभा जाता कामा नये. मचाण उंच बांधलं की माणसाला आपण मोठे शिकारी झाल्यासारखं वाटतं, पण हरण पायाशी आलं की बाण डोक्यावरून उभा पडतो, पाठीच्या हाडावर लागतो नाहीतर निसटता जातो आणि जनावर तडफडत पळतं. समोर तोंड करून उभं असलं तर मारायचं नाही, छातीचं हाड आड येतं. कान टवकारलेले असले तर मारायचं नाही, दोरीचा आवाज ऐकूनच ते दबतं आणि बाण भलतीकडे बसतो. आडवं उभं राहू द्यायचं, मान खाली जाऊ द्यायची, जमलं तर थोडं पलीकडे वळू द्यायचं. आणि यातलं काहीच झालं नाही तर घरी जाऊन पेज प्यायची.

"मग उपाशीच राहत असाल," मी म्हटलं.

"रव्हलंय की," नाना म्हणाले आणि फळा पुसून टाकला. मला ते चित्र ठेवायचं होतं, पण टोलाची वेळ झाली होती.

शिकारीला बंदी येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पण मला पुढे कळलं की नानांनी त्याच्या कितीतरी आधी, अगदी तरुणपणीच शिकार सोडली होती. का, ते एका एप्रिलमध्ये समजलं.

परीक्षा संपल्या होत्या. मुलं नव्हती, आम्ही काही शिक्षक निकालपत्रकं भरायला येत होतो. एका सकाळी नाना स्टाफरूमच्या दारात आले आणि मला खुणेने खिडकीपाशी बोलावलं. खाली डबक्याशी एक चितळाची मादी उभी होती. पोट भरलेलं, लवकरच विणार असं दिसत होतं. तिच्या पुढच्या डाव्या पायात तारेचा फास रुतला होता. कुणीतरी रानात लावलेला फास तोडून ती आली होती. पाय सुजून दुधीभोपळ्यासारखा झाला होता, आणि ती तो टेकवत नव्हती.

नानांनी वनरक्षकाला गाठलं, वनरक्षकाने गुरांच्या डॉक्टरांना आणलं. डॉक्टर बर्वे तिशीतले, हुशार, घाईचे. त्यांच्याकडे ॲल्युमिनियमची लांब नळी होती, आपल्या चुलीच्या फुंकणीची मोठी बहीण. तीत पिसं लावलेलं इंजेक्शन घालून जोराने फुंकायचं, सुई जनावराच्या मांडीत बसली की गुंगी येते. मात्र बारा-पंधरा पावलांच्या पलीकडे ती नेम धरत नाही. आणि गुंगीच्या औषधाची कुपी त्यांच्याकडे एकच उरली होती. दुसरी मिळायला आठ दिवस. पायाची अवस्था बघून ते म्हणाले की आठ दिवस काही ती काढत नाही, फार तर दोन. सुई छातीत किंवा पोटात गेली तर मात्र दोन दिवसही नकोत, ती आणि पोटातलं, दोन्ही तिथेच संपतील.

दामले सर लगेच म्हणाले, "आमच्या घाडींना मचाणाचं सगळं कळतं."

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं आणि नाना भिंतीकडे वळले. "माका जमाचा नाय," म्हणाले आणि निघून गेले. सर थक्क झाले. नाना कुठल्याही कामाला नाही म्हणाल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. नळाचं कामही त्यांनी हो म्हणूनच टाळलं होतं.

मी मागोमाग गेले. ते खोलीच्या पायरीवर बसले होते, अर्थात आडवे. मी काही विचारलं नाही, नुसती उभी राहिले. तेवढं मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

बऱ्याच वेळाने ते बोलायला लागले. अठरा वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. बहिणीच्या सासरची माणसं घरी यायची होती, आईने सांगितलं होतं की काहीतरी आण. तीन दिवस मचाणावर काढले. तिसऱ्या दिवशी भेकर आलं आणि समोर तोंड करून उभं राहिलं. वळेचना. मामाचे सगळे नियम पाठ होते, पण आज गेलं तर उद्या येणार नाही असं मनाने घेतलं आणि बाण सुटला. खांद्याच्या हाडावर अडकला. भेकर बाणासकट पळालं. नाना दोन दिवस रक्ताच्या मागावर फिरले, पाहुणे येऊन जेवून गेले, यांना पत्ता नाही. तिसऱ्या सकाळी करवंदीच्या जाळीखाली ते सापडलं. जिवंत होतं.

"तां माझ्याकडे बघत होतां, बाई," नाना म्हणाले. "समोरसून. सरळ."

त्यांनीच त्याला वेदनेतून सोडवलं आणि तिथेच पुरलं. पुढच्या वर्षी मुंबईला आले. आता इतकी वर्षं झाली, पण कुणी समोरून डोळ्यांत बघितलं की ते भेकरच बघतंय असं वाटतं, म्हणून मान आपोआप वळते. भिंतीवरचे सगळे फोटो माझ्या डोळ्यांसमोर आले आणि आम्ही त्यावरून केलेले विनोदही. मला लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

मी एवढंच म्हटलं, "नाना, डॉक्टरांना कोन कळत नाही. ते उद्या डबक्याशेजारच्या जांभळाच्या शेंड्यावर चढून बसतील."

नानांनी जांभळाकडे पाहिलं. मग म्हणाले की मचाण बांधून देतो, शेजारी बसतो, पण नळी डॉक्टरांनीच फुंकायची.

दुपारी त्यांनी जांभळावर बाकाच्या दोन फळ्या काथ्याने बांधल्या. डॉक्टरांना खरंच आणखी वर हवं होतं. नानांनी मला हाक मारली, आणि मी भर उन्हात जमिनीवर काठीने त्रिकोण काढून डॉक्टरांना पटवून दिलं की त्या उंचीवरून सुई मांडीच्या मांसात नाही, कंबरेच्या हाडावर बसेल. माझ्या भूमितीचा कुणाला उपयोग झाल्याचा हा पहिला आणि शेवटचा प्रसंग.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं मचाणावर बसले. मी आणि दामले सर वरच्या मजल्यावर सातवी ब च्या खिडकीत. नानांनी आपला हात डॉक्टरांच्या गुडघ्यावर ठेवला होता. ठरलं होतं की हात उचलला की फुंकायचं. सहाच्या सुमारास चितळ आली, लंगडत, थांबत. डबक्याशी पोचली आणि नेमकी जांभळाकडे तोंड करून उभी राहिली. प्यायली. मान वर केली. कान टवकारलेले. डॉक्टरांनी नळी ओठाला लावली. नानांचा हात हलला नाही. दामले सर माझ्या कानाशी फुसफुसत होते, "अहो काय हे, फुंका की." ती पुन्हा प्यायली, वळली ती एकदम उडी मारूनच, आणि घाणेरीत नाहीशी झाली.

खाली उतरल्यावर डॉक्टर संतापले होते. पाच मिनिटं माझ्यासमोर होती, म्हणाले. सर तर नको ते बोलले. उद्या ती मेली तर जबाबदार कोण, असंही विचारलं. नाना त्यांच्यासमोर आडवे उभे राहून सगळं ऐकत होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी डब्यातली पोळी-भाजी देऊ केली, तर म्हणाले, "आज गेलां तर उद्या येवचां नाय, असांच तेव्हा वाटलां होतां, बाई." तेवढं बोलून ते टाकीशी जाऊन डबक्यात पाणी पुरेसं आहे ना ते बघायला लागले. मला वाटलं, हा माणूस आता चुकला तर यातून उठणार नाही. आणि बरोबर ठरून ती मेली, तरी उठणार नाही.

तिसऱ्या सकाळी सहा वाजून गेले. साडेसहा झाले. ती येईना. दामले सरांनी सुपारीसुद्धा तोंडात टाकली नव्हती. पावणेसातला झुडपं हलली. ती आता जवळजवळ तीन पायांवरच चालत होती. डबक्याशी येऊन पुन्हा समोर तोंड करून उभी राहिली. प्यायली. मान वर. खाली. नानांचा हात गुडघ्यावर तसाच. मग सुजलेला पाय चिखलात रुतायला लागला म्हणून असेल, ती बाजूला सरकली, अर्धी पलीकडे वळली, आणि मान खाली घालून पुन्हा पिऊ लागली. मागची मांडी पुरी उघडी होती.

नानांनी हात उचलला.

फुस्स एवढाच आवाज. पिसं मांडीवर थरथरली. ती उडी मारून धावली, पंधरा-वीस पावलं गेली, थांबली, डुलली आणि खाली बसली. दामले सरांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी वाढली. दोघांनाही ते नंतर कळलं.

आम्ही खाली गेलो तेव्हा डॉक्टर पक्कडीने तार कापत होते. नानांनी तिचं डोकं मांडीवर घेऊन डोळ्यांवर आपला पंचा टाकला होता. जखम धुतली, औषध भरलं. डॉक्टरांनी तिच्या पोटाला कान लावला आणि हसले. "दोन्ही ठीक," म्हणाले. मग नानांकडे बघून म्हणाले, "काल मी सुई मारली असती, नाना. आणि ती मेली असती." नाना तिच्या कानामागे खाजवत राहिले.

तासाभराने ती हलायला लागली. डॉक्टरांनी सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. पंचा काढायचं काम नानांचं. त्यांनी तो काढला आणि तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर तसेच उकिडवे बसून राहिले. तिने डोळे उघडले, मान उचलली आणि त्यांच्याकडे बघितलं. समोरून, सरळ.

नानांची मान वळली नाही.

किती वेळ ते मी मोजलं नाही, आणि मी तर सगळंच मोजणारी बाई. मग ती धडपडत उठली, चार पाय टेकून उभी राहिली आणि हळूहळू नाला ओलांडून रानात गेली. नाना उठले, आमच्याकडे वळले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "गेलां, बाई," म्हणाले. "चालत गेलां." दामले सरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मग स्वतःच चष्मा पुसायला लागले. मला इतकं हलकं वाटलं, की त्या दिवशी मी निकालपत्रकात दोन बेरजा चुकले. पाचवीतल्या एकाला त्यात गुण जास्तच मिळाले. ते मी दुरुस्त केलेले नाहीत.

महिन्याभराने एका सकाळी डबक्याशी ती दिसली, पाय टेकवत, मागे एक ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू. नानांनी मला आणि सरांना बोलावून दाखवलं. त्या महिन्यात सरांनी नळाची आठवण केली नाही, पुढेही कधी केली नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी नाना निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी फोटो काढायचा ठरला, त्यांच्यासाठी खास. सरांनी त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं, स्वतःच्या शेजारी. जुनाच फोटोग्राफर होता, त्याने सवयीने ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. संध्याकाळी नाना खांद्यावर ट्रंक आणि हातात कापडात गुंडाळलेला कामठा घेऊन फाटकातून गेले. ती माझी त्यांची शेवटची भेट.

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. सगळे शिक्षक छाती काढून समोर बघताहेत. मध्ये नाना, दोन्ही हात गुडघ्यांवर, पूर्ण चेहरा, पूर्ण मिशी, दोन्ही डोळे सरळ कॅमेऱ्याकडे. आणि मागच्या रांगेत एक बाई आडवी उभी आहे, एक कान आणि एक गाल एवढीच दिसते आहे. ती मी. मी नानांकडे बघत होते.